अक्षरी तोटा रुपये चारशे फक्त

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या दुकानात येतात, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढतात, खिशातून घामानं फुगलेली वही काढतात आणि म्हणतात, "शेठ, कॅल्क्युलेटर द्या. या धंद्यात आता राम राह्यला न्हाई."

पाचोडच्या स्टँडसमोर मी झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं त्याला वीस वर्षं झाली. दुकानाच्या पहिल्याच लगीनसराईत मास्तर हेच बोलले होते. खऱ्या रामाचा वनवास चौदा वर्षांत आटोपला; मास्तरांच्या धंद्यातला राम अजून परतलेला नाही. आणि 'शेठ' या हाकेवरही जाऊ नका. एक झेरॉक्स मशीन, एक लॅमिनेशन आणि पत्रिकांचे नमुने अडकवलेली दोरी, एवढीच माझी पेढी.

मास्तर शाळेतले नव्हेत, बँडवाले. आमच्या पंचक्रोशीत नुसतं 'मास्तर' म्हटलं तर लोक विचारतात, "शिकवणारे का वाजवणारे?" बँडला नाव आहे, पण ते नावालाच. ढोलावर रंगवलेल्या नावाची पहिली तीन अक्षरं टिपरीच्या मारानं उडाली आहेत आणि उरलेल्या अक्षरांचा अर्थ भलताच निघतो, म्हणून ते इथं लिहीत नाही. मास्तरांचं वाद्य क्लॅरिनेट. आम्ही त्याला 'क्लार्नेट' म्हणतो, वऱ्हाडी पोरं 'पिपाणी' म्हणतात. पिपाणी हा शब्द कानावर पडला की मास्तर पुढचं गाणं मुद्दाम एक पट्टी वर धरतात. त्यानं वऱ्हाड्यांना काही होत नाही. ट्रम्पेटवाल्यांचे गाल तेवढे फाटायला येतात.

क्लॅरिनेट वरच्या दातांवर तोलतात, हे मला मास्तरांमुळं कळलं. त्यामुळं दात हे त्यांचं भांडवल. गेली पंचवीस वर्षं त्यांनी पेरू चावलेला नाही, ऊस सोललेला नाही, कडक भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाल्लेली नाही. मुलगी बघायला गेलेल्या घरीसुद्धा त्यांनी चिवड्यातले दाणे बाजूला काढले होते, असं वहिनी अजून सांगतात. डीजेला मास्तर भीत नाहीत. दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की मात्र रस्ता ओलांडतात.

पण आपण हिशेबावर होतो. लिहायचं काम माझं, कारण स्वतःचा तोटा स्वतःच्या हातानं लिहू नये, असं मास्तरांचं शास्त्र आहे.

"लिव्हा. सुपारी पंधरा हजार. दहा माणसं, आठशे परमानं आठ हजार. टेम्पो अडीच. जनरेटर न् भोंग्याची गाडी दोन. चहा, नाष्टा, गायछाप मिळून सहाशे. कपड्याला इस्त्री तीनशे. किती झाले?"

"तेरा हजार चारशे."

"म्हंजी मपले किती राह्यले?"

"सोळाशे."

"कुठले सोळाशे! येजमानानं दोन हजार कापले की. म्हने बँड उशिरा आला."

बँड साडेनऊला आला होता. नवरदेव अकराला आला, कारण त्याचं फेशियल चाललं होतं. पण नवरदेवाचा उशीर लिहून ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. मी आकडा मांडला. उणे चारशे. मास्तरांनी चष्मा वर करून खात्री केली आणि समाधानानं मान हलवली. "अक्षरी बी लिव्हा. तोटा रुपये चारशे फक्त."

समाधानानं, हे मी चुकून लिहिलेलं नाही. वीस वर्षांच्या वह्या माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत, उंदरांनी खाल्लेल्या सोडून. एकाही पानावर मास्तरांना फायदा नाही आणि एकाही पानावर तोटा पाचशेच्या वर नाही. तोट्यालाही इतकी शिस्त लावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. वहीत त्यांची स्वतःची मजुरी कधीच नसते. एकदा मी विचारलंही, "मास्तर, दहा माणसांचे लिहिले, अकरावे तुम्ही. तुमचे आठशे?" ते म्हणाले, "मालकाची मजुरी आस्ती का कुठं? तुम्ही सोताला पगार देता का शेठ?" या प्रश्नानं माझ्याच धंद्यातला राम हलला, म्हणून विषय बदलला.

मग हा माणूस सुपारी घेताना जास्त का घेत नाही? घेतो ना. म्हणजे मागतो. पत्रिका छापायला आलेला वरबाप माझ्या काउंटरवर असतो आणि मास्तर खुर्चीवर. वरबाप सहज विचारतो, "मास्तर, बारा तारखेला मोकळे आहात का?" मास्तर म्हणतात, "बारा तारीख म्हंजी दाट तिथ. बावीस हजार पडतील." वरबाप पत्रिकेवरचा गणपती निवडण्यात गुंतलेला असतो, तो काही बोलत नाही. मास्तरांना ती शांतता सोसत नाही. "तुमचं घरचं काम हाये, वीस द्या." वरबाप अजून गणपतीच बघतोय. "तुमच्या वडलांच्या लग्नात आमच्या वडलांनी वाजवलं होतं. अठरा." तो मान वर करतो तेवढ्यात, "बरं चला, पंधरा, पन जेवन बँडला!" मास्तरांशी घासाघीस करायला समोर माणूस लागतच नाही.

बाकी पाचोडातला भाव मास्तरांच्या हातात नसतोच, तो मोसंबीच्या हातात असतो. आमचा सगळा पट्टा मोसंबीचा. इथला मोसंबीचा बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. आंबिया बहाराला दर बरा लागला की वरातीत चौदा वाजवणारे असतात, दोन ट्रम्पेट जास्त, पुढं घोडा. फळगळ झाली की नऊ. २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरनं पाणी घालून बागा जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी वाळलेली झाडं सरपणाला तोडली, त्या साली मास्तर, एक ढोल आणि एक झांज एवढ्यावर नवरदेव मारुतीला गेले. त्या वर्षीचा तोटाही साडेतीनशेच. मी वही तपासली आहे.

मास्तरांच्या वडलांची सनई होती. ते मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसून वाजवायचे आणि त्यांचं ताट तिथंच यायचं. मास्तर बँडमध्ये गेले ते कोटासाठी. लाल कोट, खांद्यावर जरीचे झुपके, डोक्यावर तुरा. हा वेश मुळात पलटणींच्या बँडचा. छावण्यांतून आणि संस्थानांतून तो हळूहळू लग्नाच्या वरातीत उतरला. तरुण मास्तरांना वाटलं, साहेबाचा कोट घातल्यावर आत बोलावतील. आत बोलावलं, पण फोटोपुरतं. पंगत अजून शेवटचीच मिळते, तेव्हा बुंदी संपलेली असते आणि वाढपी बसलेले असतात. याचा हिशेब मास्तर वहीत लिहायला सांगत नाहीत. मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, "बुंदीनं दात किडत्यात."

त्यांची तीर्थयात्रा एकच झाली, मेरठची. आपल्याकडच्या बँडची पितळी वाद्यं तिथून येतात. तिथल्या जाली कोठी भागात ट्रम्पेट आणि बासे ठोकणारे कारागीर आहेत आणि एक कारखाना तर १८८५ पासूनचा. मास्तर गेले होते बासा दुरुस्तीला. परत आल्यापासून काशीला जाऊन आलेल्या माणसासारखं बोलतात. "शेठ, पूर्ण गल्लीत निसतं टनाटन. आन् कोनी नाचत न्हाई!" वाद्याच्या आवाजावर न नाचणारे लोक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले होते.

नाचणाऱ्यांचं त्यांना काही विशेष कौतुक नाही. वरातीत मुख्य माणूस नवरदेव असतो हा बाहेरच्यांचा गैरसमज. मुख्य माणूस मेहुणा. तो दातात दहाची नोट धरून पाठीवर लोळतो आणि ती नोट वाजवणाऱ्यानं वाकून, सूर न तोडता घ्यायची असते. यासाठी लागतं ते गाणं १९५४ च्या 'नागिन'चं. त्या सिनेमातली बीन ही बीन नव्हतीच, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती, हे मी कुठंतरी वाचून मास्तरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी बीन खोटी, साप खोटा, आन् मातीत लोळनारा मेहुना तेवढा खरा."

दुसरी एक माहितीही मीच पुरवली. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात लग्नाच्या वरातीला सूट आहे. तिथं कुणाचंही गाणं वाजवा, गाण्याच्या मालकाला पैसे द्यावे लागत नाहीत. मला वाटलं, मास्तर खूश होतील. ते म्हणाले, "म्हंजी लग्नात गानं करनाराला बी फुकट, आन् वाजवनाराला बी."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मास्तर कळणार नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका दाट तिथीला मास्तर सकाळी सातलाच दुकानात आले. खुळखुळेवाला नव्हता. त्याचं स्वतःचंच लग्न होतं. आणि मास्तरांच्या आवाजात जो कंप होता तो त्यासाठी नव्हता. त्या कृतघ्नानं स्वतःच्या वरातीला डीजे सांगितला होता.

"शेठ, तुम्ही चला."

"मला काय वाजवता येतं?"

"खुळखुळ्याला अक्कल लागत न्हाई म्हनून तर तुमच्याकडं आलो."

विहामांडव्याच्या पुढचं एक गाव. कोट माझ्या मापाहून दोन माणसं मोठा, आतून आधीच्या कित्येक सरायांचा वास. परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, निघाला सव्वाअकराला. मारुती ते मांडव हे अंतर शाळेच्या मैदानाएवढं. ते कापायला दोन तास दहा मिनिटं लागली. डांबर चपलेला चिकटत होतं. ट्रम्पेटवाले गाण्यांच्या मधल्या वेळात ट्रम्पेट ओल्या रुमालात गुंडाळत होते, नाहीतर ओठाला चटका. मी खुळखुळे हलवत होतो. मला वाटत होतं मी तालात आहे. ढोलवाले मामा दर चार ठोक्यांनी मला कोपरानं ढोसत होते, तेव्हा कळत होतं की नाही. शेवटी मामांनी तोंडातली पुडी सावरत सल्ला दिला, "शेठ, हात हलवा, पन वाजवू नका." तिथून पुढं मी बरा वाजवला.

मारुतीच्या देवळाशी नवरदेव आत गेला आणि नाचणारी पोरं पाण्याच्या जारकडे धावली. बँडनं थांबायचं असतं. सगळे लिंबाखाली टेकले. मास्तर मात्र उभेच राहिले. त्यांनी रीड जिभेनं ओली केली आणि हळू काहीतरी वाजवायला लागले. सिनेमातलं नव्हतं. नंतर कळलं, सारंग होता. भर दुपारचा राग, त्यांच्या वडलांच्या सनईतला. ऐकायला ओट्यावरची एक म्हातारी आणि बांधलेला गोऱ्हा. दोन मिनिटं, फार तर तीन. मग आतून नारळ फुटला आणि कुणीतरी ओरडलं, "ए मास्तर, झिंगाट!"

मास्तरांनी झिंगाट धरलं. 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून आले, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्याकडं एक क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट आणि हात हलवणारा मी. तरीही धुरळा तेवढाच उडाला. आणि त्या धुरळ्यात एका पोरानं दहाची नोट माझ्या डोक्यावरून ओवाळली आणि माझ्या कोटाच्या खिशात खोचली.

दुकानात रोज हजारभर रुपये हाताखालून जातात. कुणी कधी माझ्या डोक्यावरून काही ओवाळलेलं नाही. उलट दोन रुपयांच्या झेरॉक्सला लोक "काळी आली" म्हणून एक रुपया देतात. ती नोट मी संध्याकाळपर्यंत खिशात चाचपत होतो. टेम्पोत बसल्यावर मास्तरांनी हात पुढं केला. "शेठ, दहाची नोट. सामायिकात जाती." दिली. अजून आठवली की जीव हळहळतो.

वाटेत मी विचारलं, "ते देवळापाशी काय वाजवलं? त्याचे कोण पैसे देणार?"

"ते व्हय? रीड वाळू नाही म्हनून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आठशेऐवजी पाचशे दिले. म्हणाले, "नवीन मानूस हात. आन् चार गावांनी तुम्हाला पाह्यलं, ते काय कमी हाये? पत्रिकांची गिऱ्हाइकं वाढतील." हे वाक्य ध्यानात ठेवा.

कोरोनाचं फार सांगत नाही. २०२१ च्या एप्रिलात सरकारचा हुकूम निघाला : लग्न दोन तासांत, माणसं पंचवीस. मास्तरांनी बोटं मोजून पाहिली. बँड, भटजी, नवरानवरी आणि फोटोवाला एवढ्यातच निम्मी संख्या भरत होती. मुलीच्या बापाला जागा द्यायची का बासावाल्याला, असा तो प्रश्न. त्या दोन वर्षांच्या वहीत मास्तरांचा तोटा शून्य आहे. तेवढे हताश मी त्यांना कधी पाहिले नाहीत.

मास्तरांचा थोरला पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत आहे. त्याला मास्तरांनी वाद्याला हात लावू दिला नव्हता. "ह्या लायनीत यायचं न्हाई," ही घरातली एकमेव ताकीद. पोरानं ती पाळली. त्यानं गिटार घेतली. पाच जणांचा बँड काढला आणि दर शुक्रवारी रात्री एका पबमध्ये वाजवायला लागला. हे त्यानं बापाला सांगितलं तेव्हा मास्तर माझ्याच दुकानात होते आणि फोन स्पीकरवर होता.

"अण्णा, पाच जणांचे मिळून तीन हजार देतात."

"पाच जनांचे?" मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी कॅल्क्युलेटर पुढं केला. "सहाशे माणशी. खुळखुळेवाला आठशे घेतो!"

"पण अण्णा, एक्स्पोजर मिळतं."

"ते किती?"

"तसं नाही. म्हणजे लोक बघतात. ओळख होते. पुढं कामं मिळतात."

मास्तर भडकले. लोकांनी बघितलं म्हणून पोट भरतं का, असं पाचोडच्या स्टँडवरच्या एसटीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं. मी त्यांना माझ्या पाचशे रुपयांची आणि चार गावांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "तुमची गोष्ट येगळी. तुम्ही वाजवतच नव्हते."

पोरगा इंजिनिअर, पुराव्याशिवाय बोलत नाही. त्यानं बीटल्सचा दाखला दिला : १९६० साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ही इंग्रज पोरं एका क्लबात रोज साडेचार तास वाजवायची, शनिवार-रविवारी सहा तास, माणशी दिवसाला तीस मार्कांवर. त्यातूनच ती घडली. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "बसून का चालत?" आणि मग, "साडेचार तास तर आमचा नवरदेव घोड्यावर चढायलाच घेतो."

मग त्यानं जवळचं उदाहरण काढलं. चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रम्पेटवाला. मुंबईच्या ताज हॉटेलात रात्री वाजवायचा, सिनेमाच्या स्टुडिओतही वाजवायचा आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तर आपल्या सगळ्या ताफ्यासकट पडद्यावर दिसला. संगीत सी. रामचंद्रांचं. इथं मास्तर मवाळले. 'अलबेला' त्यांच्या वरातीत रोज असतो आणि सी. रामचंद्र पुणतांब्याचे. "पुनतांबा गोदावरीवर," ते मला म्हणाले, "आपलं पैठन बी गोदावरीवर. वरून खाली येतच आसल काहीतरी." आणि फोनमध्ये, "पुढच्या शुक्रवारी येतो बघायला. शेठलाबी आनतो."

पैठण-शेवगाव-नगर करत आम्ही पुण्यात उतरलो. पबच्या दारात काळ्या टी-शर्टातला एक पैलवान उभा होता. त्यानं सांगितलं, "स्टॅग अलाउड नाही. कपल लागतं." मास्तरांनी मला विचारलं, मी अर्थ सांगितला. मास्तर त्याला म्हणाले, "आम्ही वीस वर्षं जोडीनंच हाओत." पैलवान नेवाशाकडचा निघाला, म्हणून सोडलं.

आत अंधार. मास्तरांनी सवयीनं आधी जनरेटर कुठं आहे ते पाहिलं. मग यादी बघून मोसंबीचा रस मागवला, कारण ओळखीचं तेवढंच होतं. पेल्याला साडेतीनशे. मास्तरांनी तो पेला दिव्याकडं धरून आरपार पाहिला. "शेठ, एवढ्यात आपल्याकडं क्रेट येतं."

पोरं वाजवत होती. चांगली वाजवत होती, असं मास्तर नंतर म्हणाले; मला गोंगाटात काही कळलं नाही. भिंतीवर चार टीव्ही, चारींवर क्रिकेट. लोक पाठ करून बसलेले. षटकार गेला की टाळ्या पडायच्या आणि पोरं प्रत्येक वेळी मान झुकवायची, कुणी सांगावं, आपल्यालाच असतील म्हणून. मास्तर अस्वस्थ झाले. एवढा वेळ बँड वाजतोय आणि एकही माणूस जागचा हलत नाही, हे त्यांनी मेरठनंतर इथंच पाहिलं.

दुसऱ्या टप्प्यात थोरल्यानं एक संथ गाणं धरलं. त्याचं स्वतःचं असावं, कारण ते सुरू झाल्यावर दोन टेबलांनी बिल मागवलं. मास्तरांचे गाल हलायला लागले, ओठ रीड धरल्यासारखे आत वळले. गाणं संपलं. एकही टाळी नाही. आणि मी धरायच्या आत मास्तर उठले, टेबलांमधून वाट काढत थेट मंचावर चढले, खिशातून पाचशेची नोट काढली आणि पाचही पोरांच्या डोक्यांवरून ओवाळली. ड्रमवाला मागं होता, त्याच्यापर्यंत हात पुरेना, तर वायर ओलांडून गेले. शेवटी नोट लेकाच्या शर्टाच्या खिशात खोचली.

पैलवान धावत आला. क्रिकेट सोडून सगळा पब वळून बघायला लागला. त्या रात्री त्या पोरांना जे काही एक्स्पोजर मिळालं ते एवढंच. टाळ्या मात्र जोरात पडल्या. थोरला लाजून लाल झाला होता, पण त्याचा हात खिशावर होता. कुठल्या नोटेवर असा हात राहतो ते मला माहीत आहे.

रात्री एकला आम्ही सात जण फुटपाथवर, बंद पानटपरीच्या फळीवर बसलो होतो. पोरं वैतागलेली. मॅनेजरनं पाचशे कापले होते, म्हणे आज गर्दी कमी झाली. मास्तरांनी खिशातून वही काढली, माझ्या हातात दिली.

"सांगा रे पोरांनो. हाती किती आले?"

"अडीच हजार, काका."

"आन् ओवाळनी पाचशे. सामायिकात. तीन हजार. खर्च?"

ड्रम आणायच्या गाडीचे नऊशे. तालमीच्या खोलीचं भाडं बाराशे. गिटारच्या तारा सहाशे. जेवण सातशे, स्टाफच्या दरात. मी मोबाइलच्या उजेडात बेरीज केली, पुन्हा केली आणि वही मास्तरांकडं वळवली. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी माळ्यावरच्या सगळ्या वह्यांत मिळूनही पाहिलेलं नाही.

"अक्षरी लिव्हा, शेठ."

मी लिहिलं.

"पुढली तारीख?" मास्तरांनी विचारलं.

"पुढचा शुक्रवार," थोरला म्हणाला. "पण अडीचच देणार म्हणालेत. सध्या मंदी आहे."

"घेतली?"

पाचही जणांनी माना खाली घातल्या. मास्तरांनी तारीख लिहायला लावली, वही मिटली, रबर लावलं. एक रिक्षा हळू होऊन गेली. मग सहज आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमच्यात खुळखुळा कोन वाजवतं?"

"कुणीच नाही, काका."

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.